नवतपा आणि सव्वा किलो तुटके खडू : एका घरातलं प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरातली एक साधी फ्लॅट स्कीम. घरात आजी, आई, वडील, आठ वर्षांची मुलगी आणि साडेचार वर्षांचा मुलगा. आई एका खासगी कार्यालयात हिशेब पाहते, वडील मिहानच्या बाजूला नोकरीला. मी त्याच वस्तीत रविवारी लहान मुलांची चित्रकला घेते. मुलगी माझ्याकडे येते, म्हणून हे प्रकरण मला पहिल्या दिवसापासून नाही, पण दुसऱ्या आठवड्यापासून जवळून पाहता आलं. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वजनं आणि चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

घरात तुटक्या खडूंचा एक पत्र्याचा डबा होता, पूर्वी बिस्किटांचा. त्यात चार वर्षांचा साठा. शाळेच्या यादीतून दरवर्षी एक पेटी यायची, पण डबा भरला होता तो वाढदिवसांमुळे. वस्तीत वर्षाला पंधरा-वीस वाढदिवस, आणि निम्म्या ठिकाणी रिटर्न गिफ्ट म्हणजे बारा खडूंची पेटी. पेटी घरी आली की चार दिवसांत फाटायची, आठव्या दिवशी खडूंचे दोन-दोन तुकडे व्हायचे, आणि ते डब्यात जायचे. त्यातून परत फारसं काही बाहेर निघायचं नाही.

मे महिन्याच्या शेवटी, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, नुकता लागला होता तेव्हा, उमरेड रोडवरच्या एका लॉनवर लग्न होतं. मुलांना गाडीत काहीतरी उद्योग हवा म्हणून आईने डब्यातले मूठ-दोन मूठ खडू कापडी थैलीत भरून दिले. थैली मागच्या सीटवर राहिली. गाडी उन्हात, काचा बंद, दुपारी बारा ते चार.

मेणाचे खडू मुख्यतः पॅराफिनचे असतात आणि पॅराफिन त्याच्या जातीनुसार साधारण ४६ ते ६८ अंशांच्या दरम्यान वितळतं. नागपुरात सावलीतलाच पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा बंद गाडीतला ६० च्या वर सहज जातो. थैलीतून लाल-निळा-हिरवा असा एक ओघळ सीटच्या कव्हरवर उतरला होता.

वडील चिडले. आईने थैली उचलली आणि ती कचऱ्यात टाकायला निघाली. मुलीने आत हात घालून थंड होत आलेला गोळा काढला आणि म्हणाली, "आई, पाय न, संगमरवर झालं."

सीटचं आधी सांगून टाकते, कारण ते सरळ होतं. डाग गरम असताना पुसायचा नाही, पुसला की पसरतो. घरच्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घालून तो वर ठेवला, मेण कडक झाल्यावर चमच्याच्या कडेने खरवडलं. उरलेल्यावर जुना वर्तमानपत्राचा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली, कागद मेण शोषत गेला आणि दर वेळी नवा कागद घेतला. मेण गेलं. लाल रंगाची फिकट सावली राहिली, ती अजून आहे.

अडचण

वरवर पाहता अडचण एवढीच की तुटक्या खडूंचं करायचं काय. घरी येऊन वजनकाट्यावर डबा आणि थैलीतला गोळा मिळून १,२६० ग्रॅम भरले. आकडा डोळ्यांसमोर आल्यावर आईला ते टाकवेना.

पण मुलं हे खडू का वापरत नव्हती, हा प्रश्न त्या दिवशी कोणीच विचारला नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं की तुटले म्हणून वापरत नाहीत, तेव्हा ते पुन्हा अखंड केले की झालं. पुढचे तीन आठवडे घर या एका गृहीतकावर चाललं. मलाही ते उशिराच खटकलं, तेव्हा मी शहाणपणाचा आव आणत नाही.

समोरचे मार्ग

पहिला मार्ग कचऱ्याचा. सकाळी गाडी येते, सुक्या कचऱ्यात टाकलं की हात मोकळे. वडिलांचं मत हेच होतं. मुलीला शाळेत भांडेवाडीच्या कचराडेपोबद्दल सांगितलेलं होतं आणि तिने तो विषय जेवताना काढला. पॅराफिन हे खनिज तेलापासून निघणारं मेण, मातीत टाकलं म्हणून त्याची माती होत नाही. वडिलांनी माघार घेतली, पटलं म्हणून की जेवण थंड होत होतं म्हणून, ते माहीत नाही.

दुसरा मार्ग आईला सुचला: घरकामाला येणाऱ्या मावशींच्या नातवंडांना द्यावेत. आजी कुरोड्या मोडून डब्यात भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आपल्या पोराले जे नको, ते दुसऱ्याच्या पोराले काहून? द्याचं असन तं नवी पेटी दे." विषय संपला. या प्रकरणातला सगळ्यात पटकन झालेला आणि माझ्या मते सगळ्यात योग्य निर्णय हाच. मावशींना पुढच्या महिन्यात खरोखर नवी पेटी दिली गेली.

तिसरा मार्ग मेणबत्त्यांचा. दिवाळीला रंगीत मेणबत्त्या करू, असं वडिलांनी उत्साहाने काढलं. खडूत मेणाबरोबर रंगद्रव्य असतं आणि बऱ्याचदा भरणीची पांढरी पूडही. हे सगळं वातीत जाऊन बसतं, वात गुदमरते, ज्योत फडफडते आणि धूर सुटतो. एक करून पाहिली, दहा मिनिटांत विझली. तिथेच थांबले.

चौथा मार्ग वितळवून नवे खडू ओतण्याचा. मुलीचं संगमरवर डोक्यात असल्याने सगळे इकडेच कलले.

पाचवाही एक मार्ग होता, तुकडे तुकडेच ठेवून वापरण्याचा. तो यादीतच आला नाही.

पहिला प्रयत्न : मायक्रोवेव्ह आणि ऊन

सुरुवात मायक्रोवेव्हने झाली. काचेच्या वाटीत तुकडे घालून तीन मिनिटं फिरवले. वाटी चटका बसेल इतकी तापली, खडू जवळजवळ होते तसेच. मायक्रोवेव्हच्या लहरी पाण्याला हलवतात. मेण त्यांना फारसं अडवतच नाही. हे आधी कळलं असतं तर तीन मिनिटं वाचली असती, नुकसान म्हणावं तर एवढंच.

मग ऊन. गाडीत जे आपोआप झालं ते गच्चीवर मुद्दाम करायचं. सीताबर्डीवरून बर्फ जमवायचा सिलिकॉनचा साचा आणला, सहा खणांचा, दीडशे रुपयांचा. त्यात डब्यातले हाताला लागतील ते तुकडे भरले, साधारण १२० ग्रॅम. स्टीलच्या ताटात साचा ठेवला आणि अकरा वाजता ताट गच्चीवर गेलं. शेजारी खाटेवर आजींच्या मुगवड्या वाळत होत्या. आजींनी ताट दोन हात लांब सरकवलं आणि खाटेची कड विटेने अडवली, म्हणजे "तुमचे रंग इकडं नाही येणार."

दीड वाजता मुलगी पाहून आली. काळा, गडद निळा, जांभळा पूर्ण पाणी. लाल बसलेला. पिवळा आणि पांढरा नुसते ओलसर, कडा गोल झालेल्या. गडद रंग ऊन जास्त पितो, हे तिने पुस्तकात वाचलेलं होतं, पण उन्हात उभं राहून पाहिल्यावर ती पळत खाली सांगायला आली. याहून मोठी गोष्ट दुसरी होती. प्रत्येक खणात दोन-तीन तुकडे खड्यासारखे तसेच उभे होते. वितळलेल्या निळ्याच्या डबक्यात एक हिरवा तुकडा, टोकदार, अजिबात न हललेला. "आजी, हे वितळूनच नाही रायलं!"

तीनच्या सुमारास आकाश पिवळं झालं आणि वावधन, म्हणजे धुळीचं वादळ, सुटलं. मे अखेरीस इथे हे नवीन नाही. आजी खाट घेऊन जिन्यात पोचल्या तोवर साच्यात धूळ, वाळलं कडुनिंबाचं पान आणि कोणाच्या तरी गच्चीवरचं कापसाचं बोंड जमा झालं होतं. संध्याकाळी खणातून निघाल्या त्या सहा ओबडधोबड ढेकळी. कागदावर घासल्या की आधी धूळ ओरखडे काढायची.

ऊन वाईट नव्हतं. काचेचं झाकण आणि आतून काळा रंग दिलेला पुठ्ठ्याचा खोका असता तर धूळही आली नसती आणि पिवळाही वितळला असता. सौरचूल याच तत्त्वावर भात शिजवते. पण घरच्यांचा उन्हावरचा विश्वास त्या वावधनाबरोबर उडाला.

वळण : न वितळणारा हिरवा तुकडा

मुलगी तो हिरवा तुकडा रविवारी माझ्याकडे घेऊन आली. मी त्याला नख लावलं. नख नुसतं घसरलं.

आपण घरी सगळ्याला खडू म्हणतो, पण त्या डब्यात तीन वेगळ्या वस्तू होत्या. मेणखडूला नख लावलं की बारीक पापुद्रा निघतो. प्लॅस्टिकच्या खडूवर नख रुतत नाही, त्याला शार्पनरने टोक करता येतं आणि बऱ्याच पेट्यांतल्याची रेघ खोडरबराने जाते. तो उकळत्या पाण्याच्या उष्णतेला दाद देत नाही. आणि तेलखडू, म्हणजे ऑइल पेस्टल, बोटाला लागताक्षणी रंग सोडतो, कारण त्यात मेणाबरोबर न वाळणारं तेल असतं. तो मूळचा जपानचा, १९२० च्या दशकातला. एलिमेंटरी-इंटरमीडिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांच्या बोटांवरचे जे डाग महिनाभर जात नाहीत, ते याचेच. मेणखडू त्याहून जुना. अमेरिकेत क्रेयोलाची आठ रंगांची पहिली पेटी १९०३ साली पाच सेंटला विकली गेली, आणि मूळ कृती अजून तीच, मेण आणि रंग.

सोमवारी दुपारी कूलरसमोर चादर टाकून दोघं भावंडं वेगळं करायला बसली. मुलगी नख लावायची, भाऊ तिने सांगितलेल्या ताटात टाकायचा. तो अर्धे चुकीच्या ताटात टाकायचा आणि ती ओरडायची. दोन दुपारी गेल्या. डब्यात उरलेल्या १,१४० ग्रॅमपैकी ६२० ग्रॅम मेणखडू निघाले, ३२० ग्रॅम प्लॅस्टिकचे, ११० ग्रॅम तेलखडू, आणि ९० ग्रॅम नुसता कागद, चुरा, एक बटण आणि शार्पनरची पाती.

मेणखडूंचा कागद सोलायला आईने कटर काढला होता, तो मी परत ठेवायला लावला. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवले की डिंक सुटतो आणि कागद साल निघावी तसा निघतो. चार वर्षांचं पोरही ते काम करतं, आणि तेवढा वेळ शांत बसतं.

सोलून मेण ५७० ग्रॅम राहिलं. त्यात एक गंमत होती. पांढऱ्या तुकड्यांचा वेगळा ढीग लावला तर ते ४१ भरले, १३० ग्रॅम, आणि बहुतेक अख्खे किंवा एकदाच तुटलेले. पांढऱ्या कागदावर पांढरा खडू कोण वापरणार! डब्यातल्या ढिगाचं मला पडलेलं कोडं तिथे थोडं उलगडायला लागलं. तुटणं आणि न वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पांढरे फारसे तुटले नव्हते, तरी पडून होते.

दुसरा प्रयत्न : गंजातलं पाणी

आता गॅस. इथे मी एकाच गोष्टीवर अडून बसले: भांडं थेट आचेवर नाही. पॅराफिनची वाफ साधारण २०० अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते आणि गॅसवर नुसत्या भांड्याला तिथवर जायला वेळ लागत नाही. भांडं पाण्यात असलं की पाणी स्वतः १०० च्या वर जात नाही, त्यामुळे मेणही जात नाही. आणि चुकून पेटलंच तर त्यावर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून झाकण टाकायचं. आईने हे दोनदा वदवून घेतलं, मुलांकडूनही.

माळ्यावरून एक जुना गंज, म्हणजे उभट पातेलं, निघाला, त्यात चार बोटं पाणी. आत स्टीलचा उभा पेला, तळाशी फडक्याची घडी, म्हणजे पेला खडखडत नाही. हे दोन्ही पुन्हा स्वयंपाकात घ्यायचे नाहीत म्हणून आजींनी दोघांना लाल दोरा बांधला. मुलं ओट्यापासून दूर, जेवणाच्या टेबलापलीकडे. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू.

पहिला घाणा लाल. सात-आठ मिनिटांत पेल्यात रक्तासारखा द्रव. आईने आईस्क्रीमच्या काडीने ढवळून साच्यात ओतला आणि साचा लगेच फ्रीझरमध्ये टाकला. वीस मिनिटांनी तीन वड्या निघाल्या, दोन मधोमध तडकलेल्या. तिसरी अख्खी, पण तिची एक बाजू गडद लाल आणि दुसरी मेणबत्तीसारखी अर्धपारदर्शक गुलाबी. त्या बाजूने कागदावर घासलं की काहीच उमटेना, नुसतं गुळगुळीत.

यात दोन वेगळ्या चुका होत्या. तडा गेला तो एकदम गार केल्यामुळे. बाहेरचं मेण आधी आखडतं, आतलं अजून गरम असतं. आणि फिकट बाजू आली ती रंगद्रव्य जड असल्याने. पातळ मेणात ते हळूहळू तळाशी बसतं, गार व्हायला वेळ लागला की वर नुसतं मेण राहतं. उपाय आईने स्वतः शोधला, आणि तो तिला कढीवरून सुचला. पेला गंजातून बाहेर काढून ती ढवळत राहिली, कडेला किंचित साय धरायला लागली तेव्हाच ओतलं. घट्टसर द्रवात रंगाला खाली बसायला सवड मिळत नाही. साचा फ्रीझरऐवजी ओट्यावरच ठेवला. तडकलेल्या लाल वड्या पुन्हा वितळवून घेतल्या. लाल धरून निळा, हिरवा, पिवळा, केशरी असे पाच रंगांचे घाणे झाले, प्रत्येकी तीन वड्या, एकसारख्या रंगाच्या.

शेवटचा घाणा मुलाच्या मर्जीने, असं कबूल केलेलं होतं. त्याने उरलेलं सगळं टाकलं. मुलीला इंद्रधनुष्य अपेक्षित होतं. सगळे रंग एकत्र ढवळल्यावर काय होतं ते मी रविवारी दर वर्षी नव्या मुलांना सांगते आणि दर वर्षी ती करून पाहतात. सहा वड्या निघाल्या, शेणाच्या गोवरीच्या रंगाच्या. मुलगा खूश होता.

ज्याचा कोणी विचार केला नव्हता

काम संपलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ. आईने गंजातलं गरम पाणी सिंकमध्ये ओतलं, पेला साबण लावून कढत पाण्याने विसळला. पाण्यावर रंगीत तवंग होता, तो तिने पाहिला होता. गरम आहे तर वाहून जाईल, असा हिशेब.

वाहून गेलं ते दीड हात. तिथे पाइप गार होता.

सकाळी सिंक तुंबलं. प्लंबर आला, खालचा बॉटल ट्रॅप उघडला, आतून बोटभर जाडीची रंगीत सालपटं काढून ओट्यावर ठेवली. "ताई, मेणबत्तीचा कारखाना टाकला का?" चारशे रुपये घेऊन गेला. वितळलेलं मेण असलेलं पाणी गार होऊ द्यायचं, वर आलेली चकती हाताने उचलायची, पेला गरम असतानाच कागदाने पुसायचा आणि मग काय ते धुवायचं. हे मी सांगायला हवं होतं. आगीबद्दल दोनदा बोलले आणि मोरीबद्दल एकदाही नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर होऊ शकली असती. पाच दिवसांनी घरी पाहुणे आले. केशरी रंगाच्या तीन वड्या टेबलावर स्टीलच्या ताटलीत ठेवलेल्या. नागपुरात चौकोनी केशरी वडी ताटलीत दिसली की ती संत्रा बर्फीच असते. पाहुण्यांच्या मुलीने ती तोंडापर्यंत नेलीही. आजींनी हात धरला. मुलांचे मेणखडू सहसा विषारी नसतात, पण घशात अडकायला विष असावं लागत नाही. खाऊच्या साच्यात खडू ओतण्याची कल्पना दिसायला गोड आहे. लहान मूल असलेल्या घरात मी ती आता सुचवत नाही.

निष्पत्ती

एकूण २१ वड्या, प्रत्येकी सुमारे २० ग्रॅम. खर्च साडेपाचशे रुपये, गॅस वेगळा. एवढ्यात शाळेच्या यादीतल्या सात-आठ पेट्या आल्या असत्या. वडिलांनी हा हिशेब एकदाच मांडला.

वापर झाला का? मुलाने केला. चौकोनी वडी त्याच्या मुठीत बसत होती, तुटत नव्हती, आणि त्याला रेघा नको होत्या, कागद भरायचा होता. मुलीने पहिल्या दिवशी तीन चित्रं काढली आणि वड्या बाजूला ठेवल्या. तिला डोळे काढायचे होते, पापण्या काढायच्या होत्या. चौकोनाच्या कोपऱ्याने पापणी निघत नाही.

ती परत डब्याकडे गेली. आता डबा वेगळा होता. प्लॅस्टिकचे तुकडे एका बरणीत, तेलखडू दुसरीत, मधला कागदाचा चुरा गेलेला, हवा तो रंग चटकन सापडत होता. शार्पनर लावून तिने प्लॅस्टिकच्या हिरव्याला टोक केलं आणि त्याच दीड इंची तुकड्याने झाड काढलं. मी तिचा हात पाहिला. लांब खडू ती मुठीत धरायची, मी वर्षभर टोकत होते. दीड इंची तुकड्यावर मूठ मावतच नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट आपोआप जागेवर येतात. लहान मुलांची पेन्सिलची पकड सुधारायला मुद्दाम तोडलेले खडू देतात हे मला माहीत होतं. पण सव्वा किलो तयार तुकडे समोर असताना मी त्या घराला ते वितळवायला मदत करत बसले.

पांढऱ्या ४१ तुकड्यांचं काम जून अखेरीस निघालं, शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात. पांढऱ्या खडूने कागदावर काहीतरी लिहायचं, दिसत नाही. मग पातळ जलरंगाचा हात फिरवायचा, मेण पाणी झिडकारतं आणि अक्षरं उमटतात. मुलीने आजींना एक कोरा कागद आणि निळं पाणी दिलं. आजींनी ब्रश फिरवला तर "आजी तू घोरतेस" असं आलं. पुढचे पंधरा दिवस घरात कोणी कोरा कागद सरळ घेत नव्हतं. वर्षानुवर्षं पडून असलेला रंग सगळ्यात आधी संपायला लागला.

वेगळं काय करता आलं असतं

वेगळं करणं आधी आणि भट्टी मागून, हे उघड आहे. पहिल्या दिवशी दोन ताटं आणि एक नख एवढ्यावर काम सुरू झालं असतं तर उन्हातले १२० ग्रॅम वाया गेले नसते. शिवाय वेगळं केल्यावर दोन आठवडे नुसतं थांबून काय वापरलं जातं ते पाहायला हवं होतं. माझा अंदाज आहे की वितळवायला दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त उरलंच नसतं, चिमटीत न येणारे तुकडे तेवढे.

वड्या मुलासाठी करायच्या की मुलीसाठी, हे कोणी ठरवलं नव्हतं. मुलासाठी असत्या तर तीन रंग पुरे होते. मुलीसाठी ओतायच्याच होत्या तर चौकोनी खणात नाही, बारीक नळीत.

रिटर्न गिफ्टचं काय करायचं यावर घरात एकमत झालं नाही. आईने मुलाच्या वाढदिवसाला खडूंऐवजी चित्रकलेच्या कोऱ्या वह्या द्यायचं ठरवलं. वडिलांचं म्हणणं, बाकीचे खडू देतच राहणार आहेत. दोघांचंही बरोबर आहे. सध्या आलेली पेटी फोडायची नाही, आधीची संपेपर्यंत कपाटात वर ठेवायची, एवढं पाळलं जातं आहे. बहुतेक वेळा.

तान्ह्या पोळ्याला मुलाचा लाकडी नंदी होता. त्याच्या पाठीवरच्या पुठ्ठ्याच्या झुलीवर लाल-पिवळ्या वड्या घासून रंग दिला, जाड, चकचकीत, आणि दुपारी भुरभुर पाऊस आला तेव्हा मेणामुळे तो ओघळला नाही. त्याच दिवशी महालाकडून मारबतीची, म्हणजे रोगराई-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक पाहून आल्यावर मुलगा दोन दिवस घरभर ओरडत फिरला, "तुटके खडू घेऊन जा गे मारबत!" घेऊन काही गेली नाही.

राहिल्या त्या गोवरीच्या रंगाच्या सहा वड्या. त्यांना चित्रात कोणी हात लावला नाही, मुलानेही नाही. पावसाळ्यात मागच्या खोलीचं सागवानी दार फुगतं आणि चौकटीत अडकतं, दर वर्षी सुतार बोलवायची चर्चा होते. ऑगस्टमध्ये आजींनी एक वडी घेतली, दाराच्या वरच्या कडेवर आणि चौकटीच्या कोपऱ्यात खसाखसा घासली, दोन-तीनदा दार मागेपुढे केलं. दार लागलं. पांढऱ्या चौकटीवर वितभर तपकिरी पट्टा आहे तो आहे. त्यांनी उरलेल्या पाच वड्या लाल दोऱ्याच्या पेल्यात घालून जिन्याखाली ठेवल्या आहेत, आणि शेजारच्या काकू परवा त्यातली एक मागून घेऊन गेल्या.